पन्हळीपर्यंतचं वळण

गाडी सरळ चालवायला मी चार दिवसांत शिकले. त्यात माझं कौतुक काही नाही. सोलापुरातले रस्ते तेव्हा मोकळे होते आणि समोरून येणारे लोक जिवाला जपणारे होते. वळायला मात्र मला पुरते दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत आई, वडील, उस्ताद, एक सरकारी इन्स्पेक्टर आणि साक्षात शंकर, एवढ्या सगळ्यांना मी कामाला लावलं.

वडील डॉक्टर होते. शहरात त्यांचा दवाखाना होता, पण जीव होता तो वळसंगच्या दवाखान्यात. दवाखाना म्हणजे काय, तर एका माणसाने दिलेली रिकामी खोली, एक टेबल आणि एक बाक. दर गुरुवारी ते आपली फियाट काढून तिथे जात, दिवसभर बसत आणि संध्याकाळी डिकीत शेंगा, मेथी, एखादा भोपळा असं काहीबाही घेऊन परत येत. शहरातल्या पेशंटांवर ते खेकसत. वळसंगच्या पेशंटांशी म्हणे हसून बोलत. आम्ही हे नुसतं ऐकून होतो, कारण घरी त्यांच्या हसण्याचा अनुभव कुणाला फारसा नव्हता.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एका सकाळी दाढी करता करता त्यांचा डावा हात गळून खाली आला आणि डावा पायही लुळा पडला. पाय महिना-दोन महिन्यांत बराचसा सुधारला, हात सुधारला नाही. त्या फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला असे. म्हणजे गिअर टाकायचा नेमका तोच हात गेला.

"परमेश्वराला फियाटची रचना चांगली ठाऊक दिसते," वडील म्हणाले. ते देव मानत नसत, पण टोमणा मारायला त्यांना देव लागे.

एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवेनात. मग ड्रायव्हर ठेवून पाहिले. पहिला सारखा गुणगुणतो म्हणून गेला आणि दुसरा तोंडच उघडत नाही म्हणून गेला. गाडी अंगणात धूळ खात उभी राहिली. मोडनिंबचे एक अडते वडिलांचे जुने पेशंट होते. ते दर आठवड्याला डॉक्टरांची तब्येत विचारायला येऊ लागले. आल्याबरोबर आधी गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवायचे, टायर दाबून बघायचे आणि मग घरात येऊन "कसं काय डॉक्टर" म्हणायचे. कुणाच्या तब्येतीची काळजी त्यांना इतक्या लांबून ओढून आणत होती, हे कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती.

मी तेव्हा बी.एस्सी. होऊन घरी होते. मी पुढे काय करणार, याचं उत्तर नातेवाइकांकडे तयार असे आणि ते पोस्टकार्डावर, मुलाच्या उंची-पगारासकट येई. अशाच एका गुरुवारी वडील सकाळपासून चौथ्यांदा तोच पेपर वाचत बसले होते. जेवताना आमटीत मीठ नाही म्हणाले, मग मीठ जास्त झालंय म्हणाले. आमटी एकच होती. मला ते बघवेना. मी म्हणाले, "बाबा, मी शिकते गाडी."

वडिलांनी घास थांबवून माझ्याकडे नीट पाहिलं. इतक्या नीट त्यांनी मला बी.एस्सी.च्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. आई आतून म्हणाली, "स्वयंपाक शिकते म्हणाली होती, त्याला चार वर्षं झाली."

तरी वडिलांनी पुढच्या खेपेला अडत्यांना सांगून टाकलं, की दिवाळीपर्यंत हिला परवाना मिळाला तर गाडी राहील, नाही मिळाला तर तुम्ही घेऊन जा. अडते म्हणाले, "घाई न्हाय की, डॉक्टर." आणि माझ्याकडे बघून दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा दिल्यासारखे हसले. गाडी गेली की वळसंग गेलं, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती.

गाडी शिकवायला उस्ताद म्हणून जे आले ते मूळचे केम गावचे. एसटीत उभी हयात काढून निवृत्त झालेले, पण खाकी पँट काही सुटलेली नव्हती. आमच्या एवढ्याशा फियाटकडे त्यांनी प्रथम पाहिलं ते जरा दयेनेच. ती मागे संपते कुठे हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. आपल्या मागे अजून साठ माणसं, टपावर चार सायकली आणि कोंबड्यांची एक पाटी आहे, अशाच हिशेबाने ते मला वळायला शिकवीत.

"ताई, सरळ तर बैल बी जातंय. वळायला डोकं लागतं," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "आनि एक ध्यानात ठेवायचं. पुडचं चाक जितनं जातं, मागचं चाक तितनं जात न्हाय. ते आतल्या अंगानं येतं, चोरावानी. आत कोन उबं हाय ते बगायचं आनि मगच वळायचं."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. आमच्या फाटकाचा उजवा खांब पहिल्याच आठवड्यात त्याची साक्ष द्यायला लागला. पुढचं चाक मी झोकात बाहेर काढलं होतं, मागच्या चाकाची चौकशी केली नव्हती.

अक्कलकोट रस्त्याला लागून एक मोकळा माळ होता. तिथे उस्तादांनी डांबराचं एक रिकामं पिंप मधोमध उभं केलं. वळणाच्या आधी आरशात बघायचं, हात दाखवायचा, वेग आधीच कमी करायचा, दुसरा गिअर आधीच टाकायचा, वळताना क्लचवर पाय ठेवायचा नाही. डावं वळण कडेला चिकटून, उजवं वळण लांबून. हे सगळं मला पाठ होतं. पाठांतरात मी लहानपणापासून पहिली. पण पिंपाभोवती फिरायची वेळ आली की मी कधी डावीकडून घुसे, कधी उजवीकडून. पिंप काही तक्रार करीत नव्हतं, पण उस्तादांचा धीर सुटला.

"ताई, देवळात जाता न्हवं?"

"जाते."

"मंग झालं की! परदक्षिना घाला. ह्यो पिंप म्हंजे देव. देव कवाबी उजव्या हाताला. चौकात गेलासा तरी त्येच, चौक उजव्या हाताला."

आणि गंमत म्हणजे मला जमलं. इतके दिवस जे डोक्यात शिरत नव्हतं ते पायांना जन्मापासून येत होतं. आठ दिवसांत मी पिंपाला अशा सुबक प्रदक्षिणा घालायला लागले, की उस्ताद खाली उतरून विडी ओढत उभे राहत आणि "वाढवा, आनि पाच वाढवा" म्हणत. अकरा, एकवीस, एकशे आठ. त्या डांबराच्या पिंपाएवढी भक्ती सोलापुरात त्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली नसेल.

डावीकडे वळताना मात्र उजवा हात खिडकीबाहेर काढून गोल फिरवावा लागे. पानांची टोपली घेऊन विड्यांच्या कारखान्याकडे जाणाऱ्या बायका ते बघून थांबत, तेलुगूत काहीतरी म्हणत आणि पदर तोंडाला लावून हसत. मला तेलुगू दहापर्यंत आकडे मोजण्यापुरतंच येत होतं, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

परीक्षेचा दिवस उजाडला. परवान्याच्या कचेरीतले इन्स्पेक्टर म्हणजे कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात पुठ्ठ्याला अडकवलेला कागद आणि चेहऱ्यावर जगातला एकही माणूस पास होण्याच्या लायकीचा नसल्याची खात्री. ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "सरळ चला. पुढं पार आहे. पाराला वळसा घालून परत आणा."

मला आतून हसूच आलं. पाराला वळसा! ज्या बाईने एका बैठकीत एकशे आठ घातल्या तिला हा सांगतोय, एक घाल.

तो पार म्हणजे चार रस्ते जिथे मिळत त्याच्या मधोमध एक मोठा दगडी ओटा. ओट्यावर पिंपळ, पिंपळाखाली शंकराची पिंडी, समोर नंदी. आम्ही नंदीच्या समोरून आलो. मी आरशात पाहिलं, हात दाखवला, दुसरा टाकला, पार उजव्या हाताला घेतला. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. पाऊण पार मागे गेला. आणि मला समोर पन्हळ दिसली.

शंकराला घातलेलं पाणी पिंडीवरून ज्या दगडी नालीतून बाहेर पडतं ती पन्हळ. या पारावरची पन्हळ ओट्यातून निघून फरशीसारखी रस्त्यातून आडवी पार गटारापर्यंत गेलेली. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा नसते. पन्हळीपर्यंत जायचं आणि ती न ओलांडता आल्या पावली मागे फिरायचं, हे मला आईने मी चालायला लागले तेव्हापासून बोटाला धरून शिकवलेलं. आजोळच्या देवळात गर्दीच्या दिवशी पन्हळीवर गवत पसरून ठेवत. गवताने, पानांनी झाकली की ओलांडायला हरकत नसते. ही शहरातली पन्हळ उघडी होती. तिच्यावरून बैलगाड्या, सायकली, टांगे दिवसभर खुशाल जात-येत असत, पण ते आपापल्या कामाला निघालेले असत. प्रदक्षिणा फक्त मी घालत होते.

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि गाडी थांबली.

"काय झालं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"पन्हळ आहे," मी म्हणाले.

त्यांनी काचेतून वाकून पाहिलं. पुठ्ठा मांडीवर ठेवला. हात जोडले, कपाळाला लावले. मग डोळे बारीक करून टपाकडे पाहू लागले. सरकारी नियमांत याबद्दल काही आहे का, ते आठवत असावेत.

"मग आता?" ते म्हणाले.

"मागं फिरायचं."

"फिरा."

मी रिव्हर्स टाकला. आता, पिंपाभोवती मी पुढे जायला शिकले होते, मागे यायला नाही. माझ्या मागे चादरींची हातगाडी होती, हातगाडीच्या मागे टांगा आणि टांग्याच्या मागे एसटी. इन्स्पेक्टर खिडकीतून डोकं काढून "मागं घ्या, मागं घ्या, पन्हळ आहे" असं सगळ्यांना सांगू लागले. आणि सांगायला लाज वाटते, पण कारण कळल्यावर कुणी एका शब्दाने भांडलं नाही. एसटीचा ड्रायव्हर तेवढा कपाळावर हात मारून काहीतरी बोलला, पण त्यानेही गाडी मागे घेतली. घोडा मागे जायला तयार नव्हता, त्याला धर्म कमी कळत असावा. अर्ध्या तासाने आम्ही सगळे नंदीसमोर सुखरूप पोहोचलो.

इन्स्पेक्टरांनी कागदावर लिहिलं ते मी तिरक्या मानेने वाचलं. 'वळण अर्धे घेतले. कारण रास्त. नापास.'

घरी वडिलांनी तो कागद तीनदा वाचला. "कारण रास्त!" ते ओरडले. "अहो, हे सरकार आहे की मठ? आणि तू? बी.एस्सी. कशात केलंस? पन्हळीत?" आई म्हणाली, "ओलांडली नाही हे बरं केलं." त्यावर वडिलांनी आईकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता दुसराही हात जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः माझ्या शेजारी बसले. पाराजवळ मला नेऊन तिथे पाण्याच्या नालीशिवाय दुसरं काही नाही, हे ते सप्रमाण सिद्ध करणार होते. वाटभर ते गुरुत्वाकर्षण, पाण्याचा उतार आणि गटारव्यवस्था यांवर बोलत होते. मी पार उजव्या हाताला घेतला. मागची बाजू आली. पन्हळ दिसली. मी दात घट्ट आवळून पाय ब्रेकपासून लांब ठेवला.

"थांब!" वडील ओरडले.

मी थांबले. आम्ही दोघं समोर बघत बसलो. चाकापासून पन्हळ हातभर लांब होती.

"सायकल आली होती मागून," वडील म्हणाले.

मागे सायकल तर सोडाच, कुत्रंही नव्हतं. मी मुकाट्याने रिव्हर्स टाकला. या वेळी मला तो पुष्कळ बरा जमला. परतताना गुरुत्वाकर्षणाचा विषय निघाला नाही.

उस्तादांना हे कळलं तेव्हा ते फार खजील झाले. "चूक माजी हाय, ताई. म्या पिंपाला देव केलं." त्यांनी माझी समजूत घालायचा सगळा प्रयत्न केला. "आपन काय देवाला चाललोय व्हय? आपन वळायला चाललोय. म्या तीस वर्सं एसटी घातली त्या पन्हळीवरनं, मला कायबी झालं न्हाय." मग जरा थांबून म्हणाले, "गुडगा दुकतो, पन त्ये वयानं असंल." हे त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांनी माळावर पिंपाच्या शेजारी चुन्याची रेघ ओढली आणि ती मला पन्नासदा ओलांडायला लावली. रेघ मी हसत ओलांडत होते. चुन्याची रेघ कुणाचं काही वाकडं करीत नाही.

परीक्षा घ्यायची जागा बदला म्हणून कचेरीत विनंती करून पाहिली. वळणाची परीक्षा पारालाच होते, असं उत्तर आलं. पुढची तारीख दिवाळीच्या आधी चार दिवसांची मिळाली. अडत्यांनी त्या आठवड्यात गाडीला घालायला कापडी खोळ शिवायला टाकल्याचं कानावर आलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी पलीकडे भिंतीला टेकून बसले होते. तिने सुपातून नजर वर न करता विचारलं, "उद्या परत तिथंच थांबणार का?"

"माहीत नाही."

"एवढी शिकलीस. तुझे वडील म्हणतात तसं, पाण्याची नाली ती. का थांबतेस?"

हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. वडिलांनी भाषण दिलं, उस्तादांनी रेघ ओढली, इन्स्पेक्टरांनी हात जोडले, पण का थांबतेस असं कुणी विचारलं नाही. मी खरं ते सांगितलं. म्हणाले, "मला तसलं काही पटत नाही गं. पण वाटतं, देव नसेलच, पण असला तर? मी गाडी शिकतेय ती बाबांच्या हातासाठी. ओलांडली आणि नेमकं त्यांच्या उरलेल्या हाताला काही झालं तर?" बोलता बोलता मला रडू आलं. मी फार घाबरलेली होते, हे मलाही तेव्हाच कळलं.

आईने जवळ घेतलं वगैरे नाही. आमच्याकडे ती पद्धत नव्हती. तिने तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला आणि म्हणाली, "बी.एस्सी.ला हे शिकवलं होय? मग फी फुकट गेली म्हणायची." मला तिचा भयंकर राग आला. मी उठून आत गेले आणि संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलले नाही. तिलाही बोलायची घाई दिसली नाही.

परीक्षेच्या सकाळी मी उठले तर आई बाहेर निघालेली. हातात पिशवी आणि काखेत वडिलांची काळी छत्री. दळण आणायला जाते म्हणाली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि दळणाला छत्री कशाला हे मी विचारलं नाही, कारण माझा अबोला अजून संपला नव्हता. आज पोरीची परीक्षा आणि हिला दळण सुचतंय, एवढंच मनात आलं. चहा मी स्वतः केला. तो वाईट झाला, त्याचाही दोष मी तिलाच दिला.

तेच इन्स्पेक्टर, तेच भस्म, तोच पुठ्ठा. शेजारी बसता बसता त्यांनी मला ओळखलं आणि एक लांब सुस्कारा सोडला. "सरळ चला," ते म्हणाले. पुढचं दोघांनाही माहीत होतं.

नंदी आला. मी आरशात पाहिलं, हात दाखवला, दुसरा टाकला. पार उजव्या हाताला. पाराची मागची बाजू संपली आणि पाय ब्रेकवर जायच्या बेतात असताना मला समोर आई दिसली.

पन्हळीवर गवत पसरलेलं होतं. ओट्यापासून गटारापर्यंत, जाड, वाळलेलं, मधे मधे बेलाची पानं खोचलेलं. दगडाचा एवढासा तुकडाही दिसत नव्हता. आणि ओट्याला पाठ लावून आमची आई उभी होती, मिटलेली छत्री दोन्ही हातांनी धरून. एक पांढरी गाय ते गवत खायला तोंड पुढे करीत होती आणि आई छत्रीच्या टोकाने तिला मागे लोटत होती. गाय पुन्हा येत होती, आई पुन्हा लोटत होती. "हाड" म्हणत होती. गाईला हाड म्हणत नाहीत, हेही तिला त्या वेळी सुचलं नसावं. पेट्रोलच्या वासाने मळमळतं म्हणून जी बाई आमच्या गाडीच्या चार हात लांबून चालायची ती त्या भर रस्त्यात उभी होती, आणि तिने गाडीकडे एकदाही पाहिलं नाही.

माझा पाय ब्रेकपर्यंत गेलाच नाही. पण उस्तादांचं बोलणं तेवढ्यात डोक्यात वाजलं, की आत कोण उभं आहे ते बघ. आत आई उभी होती. मागचं चाक चोरासारखं आतून येणार होतं. मी वेग आणखी कमी केला, स्टिअरिंग जरा सोडलं, हातभर बाहेरून घेतलं. पुढची चाकं गवतावरून गेली, मग मागची गेली. आईच्या पायांपासून ती इतकी लांबून गेली, की एसटी असती तरी तिला धक्का लागला नसता.

इन्स्पेक्टरांनी वळून मागे पाहिलं. गवत पाहिलं, बेल पाहिला, छत्रीवाली बाई पाहिली. कागदावर त्यांनी एकच शब्द लिहिला आणि या वेळी कारणाचा उल्लेख केला नाही.

घरी आले तर अडते आधीच अंगणात हजर, काखेत नवी शिवलेली खोळ. वडील खुर्चीत ताठ बसले होते. मी कागद त्यांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि मग जे सुरू झाले ते थांबायचं नाव घेईनात.

"ओलांडली पन्हळ! ऐकलंत का? आमच्या मुलीनं पन्हळ ओलांडली. शेवटी विज्ञान म्हणतात ते हे. माणसानं एकदा डोकं वापरायचं ठरवलं, की शंकराची काय बिशाद आहे? गुरुवारी वळसंगला जातो आम्ही. बघा आता, पोरगी चालवेल आणि मी बसेन."

अडते खोळीवरून हात फिरवत "व्हय की, व्हय की" म्हणत होते. वडील हसत होते. वळसंगला कसे हसत असतील ते मी पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. दळणाची पिशवी रिकामीच खुंटीला लटकत होती, पण तिकडे बघायला वडिलांना सवड नव्हती. मी ट्रे घ्यायला पुढे झाले आणि मला तिच्या पदरावर गवताचं एक कुसळ अडकलेलं दिसलं. मी ते हळूच उपटून घेतलं. आईने माझ्याकडे पाहिलं.

"काय गं?" वडिलांनी भाषण थांबवून विचारलं.

"काही नाही, बाबा. दोरा निघाला होता," मी म्हणाले, आणि वडिलांचं विज्ञान संपेपर्यंत ते कुसळ मुठीत धरून आईच्या शेजारी उभी राहिले.